सुती कुडता की लिननचा?
सूत आणि लिनन ही दोन्ही कापडे मुळात सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतींच्या तंतुद्रव्याची असल्यामुळे मातीत कुजून जातात. फरक पडतो तो ती कुठून येतात आणि जुनी झाल्यावर त्यांचे काय होते, यात. लिननचा धागा जवसाच्या खोडातून निघतो, तो अधिक चिवट असतो आणि लवकर वाळतो. परंतु विदर्भात जवस घेतले जाते ते बियांसाठी, आणि आपल्याकडील लिननचे तंतू बहुतांशी फ्रान्स-बेल्जियमकडून येतात. कापूस मात्र यवतमाळच्या कोरडवाहू शेतातला असू शकतो, आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची गोधडी होते, गोधडी विरली की फडके होते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. कीटकनाशकांची फवारणी ही कापसाची मोठी उणीव आहे, म्हणून सेंद्रिय कापूस मिळाल्यास तोच घ्यावा.

शिवताना मात्र दोन्हींत एकच चूक होते: शिलाईचा दोरा मातीत न कुजणाऱ्या पॉलिएस्टरचा निघतो. त्याचे टोक जाळून पाहावे; सुताला जळक्या कागदाचा वास येऊन भुरभुरीत राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. शिंप्याकडे सुती दोरा आणि नारळाच्या करवंटीची बटणे आपणच नेऊन द्यावीत.