व्हीलचेअरसाठी बदललेलं घर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

लातूर जिल्ह्यातलं काळ्या मातीवरचं घर, जोतं दीड फूट. घरातलं एक माणूस कायम व्हीलचेअरवर. केंद्र सरकारच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतली मापं समोर ठेवून नोव्हेंबरमध्ये रॅम्प, दोन दरवाजे आणि संडास-न्हाणीचं काम करून घेतलं. उन्हाळा गेला, पावसाळा सरत आला. मापं जिथे पाळली तिथे आजवर अडचण आलेली नाही. जे बिघडलं ते आपल्या माती-पाण्यामुळे, आणि त्याबद्दल मापांच्या तक्त्यात काही लिहिलेलं नसतं.

आधी रॅम्प. उतार 1:12 हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या जोत्याला 18 फूट. शिवाय वर, खाली आणि वळणावर दीड-दीड मीटरची सपाट जागा. गावातला मिस्त्री हमखास म्हणतो, "चार फुटाचा उतार काढून देतो, मोटारसायकल चढंल तर गाडी बी चढंल." मोटारसायकलला इंजिन असतं. चार फुटांत दीड फूट चढताना व्हीलचेअर मागे उलटते, मग मागून ढकलणारं माणूस कितीही दणकट असो. अंगण 20 फुटांचंच होतं, म्हणून नऊ-नऊ फुटांचे दोन भाग काटकोनात घेतले. रुंदी 1200 मिमी. कडेला 75 मिमीची कड ठेवली, त्यामुळे चाक बाहेर उतरत नाही.

पृष्ठभागाचं पहिल्यांदा चुकलं. घसरू नये म्हणून दर चार इंचांवर आडव्या खाचा पाडल्या होत्या. पुढची लहान चाकं प्रत्येक खाचेत आपटायची, आणि पहिल्याच पावसात खाचांत चिखल बसला. त्या बुजवून वरून काँक्रीटचा पातळ थर दिला आणि तो ओला असतानाच आडवा झाडू फिरवून खरबरीत केला. पावसातही पकड चांगली राहते. घोटाई, म्हणजे थापीने गुळगुळीत करणं, मात्र मुळीच करू देऊ नका. मिस्त्रीला ती सवयच असते, म्हणून त्या दिवशी समोर उभं राहावं लागतं.

खरा त्रास जोडाचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचा पाया खोल असल्यामुळे घर हलत नाही, पण रॅम्प उथळ असल्यामुळे हलतो. दोन फूट काळी माती काढून, सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस केला होता, म्हणजे ठोकून घट्ट बसवला होता. तरीही एप्रिलअखेर घर आणि रॅम्प यांच्या जोडाशी जवळपास 20 मिमीची पायरी पडली. नियमात 12 मिमीपर्यंतच चालते, तीही तिरपी केलेली. एवढ्याशा पायरीला पुढचं चाक अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो. सिमेंट भरून हा जोड बुजवू नका, पुढच्या पावसात तो उखडतोच. इथे नऊ इंच रुंदीची, खरबरीत नक्षीची लोखंडी पट्टी टाकली. तिला स्क्रू फक्त घराच्या बाजूने आहेत, रॅम्पच्या बाजूने ती मोकळी टेकलेली आहे. ऑगस्टमध्ये रॅम्प वर आला, पट्टीही त्याच्याबरोबर उचलली, धक्का बसला नाही. नवीन काम करणाऱ्यांनी वरची सपाट जागा घराच्या जोत्यालाच सळ्यांनी बांधून घ्यावी, म्हणजे हलणारा जोड दारापासून दूर जातो. सांडपाणी रॅम्पच्या कडेने सोडू नये; एका बाजूची माती ओली राहिली की रॅम्प तिरका होतो.

कठडे दोन उंचींवर: 760 आणि 900 मिमी. पाइप घेताना फसगत होते. स्टीलचा दीड इंची पाइप बाहेरून 38 मिमी भरतो आणि मुठीत नीट बसतो. पाण्याचा दीड इंची जीआय पाइप बाहेरून 48 मिमी असतो, तो मुठीत मावत नाही. मे महिन्यात दुपारी स्टीलला हात लावणं अशक्य झालं, तेव्हा नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळली. ती दर वर्षी बदलावी लागेल असं दिसतंय.

दारासाठी मोकळी रुंदी 900 मिमी हवी. तीन फुटी चौकट घेतली तर चौकटीची लाकडं आणि उघड्या फळीची जाडी वजा जाऊन जेमतेम 31 इंच उरतात. साडेतीन फुटी चौकट सांगा. उंबरा काढायला घरच्यांचं मन होत नव्हतं, रोज हळदी-कुंकू वाहिलेली जागा ती. जुन्या उंबऱ्याचंच सागवान कापून फरशीच्या पातळीत बसवलं. पूजा होते, चाकही जातं.

संडास-न्हाणी एकत्र, 2200 बाय 2000 मिमी. म्हणजे साधारण 47 चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या 25 चौरस मीटरच्या ग्रामीण घरात एवढी जागा काढणं अवघड, तरी दोन स्वतंत्र खोपटांपेक्षा एकच मोठी खोली करा. कमोडची बैठक 450 ते 480 मिमी हवी. बाजारातला नेहमीचा कमोड दोन इंच कमी पडतो, तेव्हा खाली काँक्रीटचा ओटा घ्या. वर बसवायची प्लॅस्टिकची बैठक सरकते. दार बाहेर उघडणारं. आत पडलेलं माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडतं आणि मदतीला आत शिरता येत नाही.

धरायची दांडी हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लगवर राहत नाही. भिंतीपलीकडून लोखंडी प्लेट लावून आरपार बोल्ट घ्या, मग दोन जणांनी लोंबकळून बघा. इथली दांडी पक्की आहे, पण सहाव्या महिन्यात तिच्यावर तांबूस ठिपके आले. कारण बोअरचं जड पाणी. फरशीवर पांढरा थर बसतो, साबणाबरोबर तो निसरडा होतो, म्हणून घरोघरी ॲसिड ओततात. त्या वाफेने स्टील गंजतं आणि फरशीचे सांधे मोकळे होतात. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व घालून वीस मिनिटं ठेवा, मग घासा. आठवड्यातून एकदा पुरतं.

सरकारी बाजू थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानकं ठरवायला सांगितली. नियमांनी त्यांना शिफारशीचंच रूप दिलं, आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला. गावातल्या खाजगी घराचं माप तपासायला तरीही कोणी येत नाही, टेप स्वतःच्या हातात ठेवावी लागते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शेवटची अडचण टँकरची. घरात व्हीलचेअर वळायला 1500 मिमी व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं, आणि पाणी आलं की ड्रम नेमके तिथेच मांडले जायचे. मग ओसरीत पिवळ्या ऑइलपेंटने ते वर्तुळ फरशीवर आखलं. आता टँकर आला की पोरंसुद्धा ड्रम रेषेच्या बाहेर लावतात.