वायर न लागणारं ३०५० की नव्या एसएमपीएससकट ६६००?

आय फाइव्ह किंवा जुना रायझन प्रोसेसर, १०८०पीचा मॉनिटर, कॅबिनेटसोबतच आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि हातात वीसेक हजार. डोंबिवली-बोरिवलीकडच्या कितीतरी घरांत असाच पीसी आहे. ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवून हा माणूस ग्रँट रोडला उतरतो, लॅमिंग्टन रोडवर दोन-चार दुकानं फिरतो आणि शेवटी दोन नावांत अडकतो: आरटीएक्स ३०५० ६ जीबी आणि आरएक्स ६६००. दोन्ही कार्डं चांगली आहेत. निवड करायची आहे ती तुमच्या कॅबिनेटमधल्या एसएमपीएसकडे बघून.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी कॅबिनेटची बाजूची पत्रा-झडप काढा आणि एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. ठळक अक्षरांतला ४५० हा आकडा विसरा. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. तिथे १६ अँपिअर असतील तर हाती १९२ वॉट आले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांतली बेरीज ४५० पर्यंत पोचवते खरी, पण ती गेमिंगच्या कामाची नाही. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर डोळे मिटून त्यांची बेरीज करू नका; दोघांची मिळून कमाल मर्यादा कितीदा तरी त्याहून कमी असते आणि ती वेगळी छापलेली असते.

आता कार्डं. ३०५० ६ जीबी फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. ते ७० वॉट घेतं. मदरबोर्डचा स्लॉट कमाल ७५ वॉट देऊ शकतो, त्यामुळे वेगळी वायर लागत नाही: स्लॉटमध्ये बसवा, ड्रायव्हर टाका, झालं. आरएक्स ६६०० ऑक्टोबर २०२१ चं. ते १३२ वॉट घेतं आणि त्याला एसएमपीएसमधून येणारी आठ पिनची वायर लागते. ते बनवणाऱ्या एएमडीची शिफारस किमान ४५० वॉटच्या एसएमपीएसची आहे आणि इथेच गफलत होते. 'माझ्याकडे ४५० आहे की' म्हणून माणूस ६६०० उचलतो. वरचं १९२ वॉटचं गणित आठवा. कार्डाचे १३२ आणि गेम चालू असताना प्रोसेसरचे ६५ किंवा त्याहून जास्त धरले की शिल्लक काही राहतच नाही. मग ऐन खेळात पीसी बंद पडतो, किंवा एखाद्या दिवशी एसएमपीएस जळतो आणि सोबत काय घेऊन जाईल ते सांगता येत नाही.

आठ पिनची वायर नसेल तर काउंटरवरचा पोरगा शेदोनशेचा कन्व्हर्टर पुढे करतो. हार्ड डिस्कच्या साटा वायरीतून ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा हा तुकडा कृपा करून घेऊ नका. साटाचं कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटसाठी बनलंय, सहा पिनवर कार्ड ७५ पर्यंत मागू शकतं आणि आठ पिनवर १५० पर्यंत. प्लास्टिक वितळल्याचे फोटो हवे तितके सापडतील.

वेगात ६६०० पुढे आहे, आणि थोडंथोडकं नाही. १०८०पीवर बहुतेक गेममध्ये ते ३०५० ६ जीबीच्या साधारण दीडपट फ्रेम देतं. मेमरी ८ जीबी विरुद्ध ६. ३०५० च्या बाजूने डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणारं तंत्र) आहे, आणि ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला ३०५० बनवणाऱ्या एनव्हिडियाचं कार्ड सोयीचं जातं. नुसतं खेळायचं असेल तर हा मुद्दा मी फार मोठा मानणार नाही. रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणाऱ्या जड सेटिंगचं) दोघांच्याही बाबतीत नाव काढू नका. विजेच्या बिलाचंही तसंच: रोज तीन तास खेळलात तर फरक महिन्याला साडेपाच-सहा युनिटांचा. त्यावरून कार्ड ठरवायचं नसतं. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर मात्र त्याची क्षमता साधारण ३६० वॉट धरा. ६६०० सकट पीसी त्यात बसतो, पण लाइट गेल्यावर खेळ सेव्ह करण्यापुरताच वेळ मिळेल.

मग कोणी काय घ्यावं? तुमचा पीसी असेंबल केलेला असेल, म्हणजे कॅबिनेटमध्ये नेहमीच्या मापाचा एसएमपीएस बसत असेल, तर माझं मत ६६०० कडे आहे. नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) एसएमपीएस चार-पाच हजारांच्या घरात येतो, आणि पुढचं कार्ड घ्याल तेव्हाही तोच चालेल. कार्डांचे भाव सतत हलतात, म्हणून मी फरकाने ठरवतो: ६६०० आणि एसएमपीएस मिळून ३०५० पेक्षा सात-आठ हजारांपर्यंतच जास्त पडत असेल तर उगाच घोळ घालू नका, थोडं थांबून तेच घ्या. नवं ६६०० मिळेनासं झालं असेल तर आरटीएक्स ५०५० बघा. तेही १३० वॉटचं आणि ८ जीबीचं, म्हणजे एसएमपीएसचं गणित तेच.

ऑफिसातून निघालेला डेल किंवा एचपीचा चपटा डबा असेल तर प्रश्नच मिटला. त्यात एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो, मदरबोर्डचं कनेक्टरही अनेकदा वेगळं, त्यामुळे बाजारातला बसत नाही. तिथे ३०५० ६ जीबीच, तेही अर्ध्या उंचीचं, छोट्या पट्टीसकट. काही जुन्या डब्यांत स्लॉटलाही पूर्ण ७५ वॉट मिळत नाहीत, मॅन्युअल पाहूनच पैसे द्या. अशा डब्यांसाठी आरएक्स ६४०० सुचवलं जातं. ५३ वॉट, मापही छोटं, ऐकायला छान. पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, आणि हे जुने डबे पीसीआयई ३.० वर, म्हणजे स्लॉटच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीवर अडकलेले असल्यामुळे नेमका तिथेच त्याचा वेग पडतो. व्हिडिओ एन्कोडरही (रेकॉर्डिंगचं काम करणारा भाग) नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर.

नावांचा घोळही सांभाळा. ३०५० चं जुनं ८ जीबी मॉडेल १३० वॉटचं आहे आणि त्याला वायर लागते. बिलावर नुसतं '३०५०' लिहू देऊ नका.

सेकंड हँडमध्ये जीटीएक्स १६५० कमी बजेटला ठीक आहे, मात्र त्याच्या काही मॉडेलांना सहा पिनची वायर लागते. १०५० टीआय आता सोडा. त्याला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत, फक्त सुरक्षेपुरती अपडेट येतात. आरएक्स ५८० स्वस्त दिसेल, पण ते १८५ वॉट घेतं. तुमच्या अडचणीवर अगदी उलटा उपाय. कार्ड हातात घेतल्यावर मागच्या पट्टीवर, स्क्रूंवर आणि पंख्याखालच्या पत्र्यांवर गंज आहे का बघा. समुद्राजवळच्या घरात वर्षानुवर्षं उघड्या कॅबिनेटमध्ये राहिलेलं कार्ड तिथेच ओळखू येतं. बिल मागा, सीरियल नंबर जुळवा आणि समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा.

दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी एसएमपीएस घ्या आणि कार्डासाठी दोन महिने थांबा. तोवर प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर काम भागतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, किंवा जुन्या रायझनच्या नावात जी नसेल, तर मात्र भागत नाही.