मोठं मूल दत्तक घ्यायचंय: भारतातून, कोलंबियातून की अमेरिकेतल्याच फॉस्टर केअरमधून?

अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत हा विचार पुष्कळदा देवळात (चर्चमध्ये) कुणी आपला अनुभव सांगितला, म्हणजे साक्ष दिली, की त्यानंतर रुजतो. नवराबायको प्रार्थना करतात, पाळकांशी बोलतात, घरातल्या मुलांना विचारतात. तान्हं बाळ नको, कुणी न निवडलेलं सात, नऊ, अकरा वर्षांचं मूल घरी आणायचं, इथवर एकमत होतं आणि गाडी अडते ती ‘कुठून?’ या प्रश्नावर. हा लेख त्या टप्प्यावरच्या जोडप्यांसाठी आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. घरात रोज मराठी किंवा हिंदी बोलत असाल तर भारत. दोघांपैकी एकाला तरी चांगली स्पॅनिश येत असेल तर कोलंबियाचा जरूर विचार करा. घरात इंग्रजीच चालत असेल तर आधी आपल्या राज्यातल्या फॉस्टर केअरकडे, म्हणजे सरकारच्या ताब्यातली मुलं तात्पुरत्या घरांत सांभाळण्याच्या व्यवस्थेकडे, बघा. खर्च, वेळ, कागदपत्रं हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्याचा नंबर भाषेनंतर.

कारण साधं आहे. तान्ह्या बाळाला कुशीत घेतलं की पुरतं. नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्या रात्री पोटात दुखतं, अंथरूण ओलं होतं, खालच्या खोलीतला हीटर सुरू झाला की त्या आवाजाने ती दचकते. यातलं काहीही तिला सांगता आलं नाही तर ती गप्प बसते नाहीतर आदळआपट करते, आणि आईबाप त्याला हट्ट समजतात. सोलापूरकडच्या मुलीला ‘काय गं, पोटात दुखतंय का?’ हे तिच्याच भाषेत विचारणारं माणूस घरात असेल, तर पहिले तीन महिने पुष्कळ सोपे जातात. अनुवादाचं अ‍ॅप भाजी मागायला चालतं, रात्री दोन वाजता ते कुणी उघडत नाही. शिवाय मोठी मुलंसुद्धा मातृभाषा काही महिन्यांत विसरायला लागतात. ती घरात टिकली तर मुलाचं आधीचं आयुष्यही त्याला सांगण्याजोगं राहतं.

आधी तुमची पात्रता

भारत आणि कोलंबिया दोन्ही देश हेग दत्तक करारात (एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याघेण्याचे नियम ठरवणाऱ्या करारात) आहेत, अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. त्यामुळे दोन्हीकडचा अमेरिकन बाजूचा रस्ता सारखाच: मान्यताप्राप्त एजन्सी, होम स्टडी (तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी), आय-८००ए अर्ज (पालक म्हणून तुमच्या मंजुरीचा), मुलाची निवड, आय-८०० अर्ज (त्या ठरलेल्या मुलासाठीचा), तिकडचा दत्तक आदेश, मग व्हिसा. पण आय-८००ए भरायला दोघांपैकी एक जण अमेरिकन नागरिक असावाच लागतो. एच-१बी किंवा नुसतं ग्रीन कार्ड असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही. दत्तक घेतलेल्या मुलाला भारतातच ठेवून वर्षानुवर्षं व्हिसाची वाट पाहण्याची पाळी येऊ शकते, म्हणून नागरिकत्व मिळेपर्यंत थांबा.

दुसरी मर्यादा मुलाच्या वयाची. आय-८०० अर्ज मूल सोळा वर्षांचं होण्याआधी जायला हवा. त्या मुलाचं सख्खं भावंड तुम्ही आधी दत्तक घेतलेलं असेल किंवा बरोबर घेत असाल तरच अठरापर्यंत सवलत आहे. साडेचौदा वर्षांचं मूल मनात असेल तर आजच कॅलेंडर घेऊन बसा.

सगळ्यात जास्त चुका होम स्टडीत होतात. त्यात ‘० ते ५ वर्षं, एक मूल’ असं लिहून मोकळे होतात, आणि पुढे नऊ वर्षांच्या मुलाची माहिती समोर आली की अहवाल दुरुस्त करून मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. वयाची मर्यादा, मुलांची संख्या आणि कोणते आजार स्वीकाराल, हे पहिल्या दिवशीच सढळ हाताने पण खरं लिहून घ्या. आय-८००ए ची मंजुरी १५ महिने टिकते, त्यात दुरुस्तीचे दोन महिने गेले तर ते जाणवतात.

भारत

‘ख्रिस्ती माणसाला दत्तक घेता येत नाही’ हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास ऐकू येतं, आणि एके काळी ते बरंचसं खरं होतं. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती कुटुंबाच्या हाती १८९० च्या कायद्याखालचं पालकत्व उरायचं, आणि ते मूल अठरा वर्षांचं झालं की संपायचं. बाल न्याय कायद्याने हे बदललं. २०१५ च्या कायद्याखाली कोणत्याही धर्माचं जोडपं पूर्ण दत्तक घेऊ शकतं, मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क मिळतात. सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

अर्ज कारा या केंद्रीय संस्थेकडे, तुमच्या अमेरिकन एजन्सीमार्फत. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज १०० च्या आत हवी, आठ वर्षांवरच्या मुलासाठी ११० च्या आत. म्हणजे तो ५३ आणि ती ५० असेल तर सात वर्षांचं मूल मिळणार नाही, नऊ वर्षांचं मिळेल. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. घरात आधीच दोन किंवा जास्त मुलं असतील तर विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना कुटुंब मिळणं अवघड आहे अशीच मुलं तुमच्यासाठी खुली. मोठं मूल हवं असणाऱ्यांना ही अट फारशी आड येत नाही, कारण भारतातल्या बहुतेक जोडप्यांना दोन वर्षांखालचं बाळ हवं असतं आणि मोठी मुलं वाट पाहत राहतात.

आता सगळ्यात कळीचं. ‘आपल्या ओळखीचं मिशनचं वसतिगृह आहे, तिथली एक गुणी पोर आहे’ असं कुणी पाळक किंवा नातेवाईक प्रेमाने सुचवतात. वसतिगृहातल्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप असतो, गरिबीमुळे मूल तिथे शिकायला ठेवलेलं असतं. बाल कल्याण समितीने ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ असं जाहीर केलेलं मूलच दत्तक देता येतं. अनाथ, सोडून दिलेलं किंवा स्वाधीन केलेलं मूल प्रक्रिया टाळून परस्पर दत्तक दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या पोरीचं शिक्षण पाहायचं असेल तर अवश्य पाहा, पण तिची आई तिच्यापासून तोडू नका.

आदेशानंतर कारा हेग अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग करारानुसार झाल्याचा दाखला) देते, व्हिसा दिल्लीच्या अमेरिकन दूतावासातून होतो. मूल आयएच-३ (परदेशात दत्तक पूर्ण झालेल्या मुलाच्या) व्हिसावर अमेरिकेत शिरून नागरिक पालकाकडे राहायला लागलं की आपोआप नागरिक होतं आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने घरी येतं. पुढची दोन वर्षं एजन्सी अहवाल पाठवते, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

कोलंबिया

इथली आयसीबीएफ ही सरकारी संस्था परदेशी कुटुंबांना मुख्यतः मोठी मुलं, भावंडांचे गट आणि विशेष गरजांची मुलं देते. म्हणजे तुम्हाला हवं ते इथे अपवाद नाही, नियम आहे. अडचण मुक्कामाची: दोघांनी जायचं, मुलाबरोबर तिथे राहून जुळतंय हे दाखवायचं, मग न्यायालयाचा आदेश, मग बोगोटातून व्हिसा. कित्येक आठवड्यांची रजा हाताशी ठेवा.

फॉस्टर केअर

अमेरिकेत दत्तकाची वाट पाहणारी मुलं २०२२ मध्ये एक लाखाहून अधिक होती. फी जवळजवळ नसते, बहुतेक मुलांना मासिक भत्ता आणि मेडिकेड (सरकारी आरोग्यविमा) मिळतं. परदेशातून दत्तक घेताना साधारण २० ते ५० हजार डॉलर लागतात. २०२५ साठी केंद्रीय कर सवलत १७,२८० डॉलरपर्यंत आहे, पण त्यातही फरक: परदेशी दत्तकात प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या लागतात आणि दत्तक पूर्ण झालेल्या वर्षीच ती मागता येते, तर राज्याने ‘विशेष गरजा’ ठरवलेल्या अमेरिकन मुलासाठी खर्च शून्य असला तरी पूर्ण सवलत मागता येते. मुलाचा इतिहासही इथे जास्त सापडतो: शाळेचे शेरे, डॉक्टरांच्या नोंदी, आधीची घरं. आणि परदेशाचा दरवाजा मध्येच बंद होऊ शकतो. रशियाने २०१३ मध्ये, इथिओपियाने २०१८ मध्ये, चीनने २०२४ मध्ये तो लावला, आणि मुलाचा फोटो फ्रिजवर लावलेली कुटुंबं अधांतरी राहिली.

तिन्हीकडे सारखंच

बाप्तिस्म्याची घाई करू नका. मंडळीला आनंद झालेला असतो, पुढच्या महिन्याची तारीखही सुचवली जाते. पण कॅथलिक नियमांत सात वर्षं पूर्ण झालेलं मूल जाणतं धरलं जातं आणि बाप्तिस्म्याच्या बाबतीत त्याला प्रौढाचेच नियम लागतात: त्याची स्वतःची इच्छा हवी, शिकवण हवी. इतर मंडळ्यांतही हीच रीत पाळावी असं आम्हाला मनापासून वाटतं. ज्या मुलीचं गाव, बाई, मैत्रिणी सगळं एका विमानप्रवासात सुटलं, तिचं नावही त्याच महिन्यात बदलू नका. कोलंबियातल्या मुलाचा बाप्तिस्मा बहुधा आधीच झालेला असतो, त्याची नोंद मागून घ्या, तो पुन्हा करत नाहीत.

कागदावरचं वय अंदाजाचं असू शकतं, विशेषतः भारतात, जिथे सापडलेल्या मुलाची जन्मतारीख संस्थेत ठरवली जाते. शाळेत इयत्ता ठरवताना जन्मतारखेपेक्षा मुलाची वाढ आणि वाचन पाहायला सांगा. पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण तपासणी: हिमोग्लोबिन, कावीळ बी, क्षय, रक्तातलं शिसं, जंतांसाठी वेगवेगळ्या दिवशी शौचाचे तीन नमुने. तिकडचा क्षयाचा अहवाल चांगला असला तरी काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करा.

उशीखाली पोळीचा तुकडा, दप्तरात मऊ पडलेलं केळं सापडेल. रागवू नका, फ्रिजला कुलूप लावू नका. तिच्या नावाचा एक डबा हात पोहोचेल अशा फडताळात ठेवा, शेंगदाण्याचे लाडू, बिस्किटं, केळी, आणि तो कधीही रिकामा दिसू देऊ नका. उशीखालचे तुकडे थांबायला कधी सहा महिने लागतात, कधी दोन वर्षं.