जुन्या गाडीचा हेडलाइट घेताना: नाव पाहायचं की बाण?

अँबेसिडर नाही तर जुनी जीप उभी करायला घेतली की भंगारवाला दिवा हातात ठेवून म्हणतो, "ओरिजनल हाय भाऊ." असेलही. पण आपल्या रस्त्यावर चालेल का, ते काच धुऊन तिच्यावरच्या खुणा वाचल्याशिवाय कळत नाही. निरम्याचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश पुरतो.

लुकासचं नाव दिसलं की भाव चढतो. लुकास म्हणजे बर्मिंगहॅमची कंपनी. तिच्या दिव्यांना मॉडेल नंबर असतात. एल ४८८ हा लहान गोल दिवा लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या काचेत निघाला, म्हणून नुसत्या आकारावरून मागचा की पुढचा ते ठरवू नका.

अमेरिकन टेल लाइटवर 'एसएई एआयएसटी ७६' असं काही असतं. एसएई म्हणजे तिकडची वाहन अभियंत्यांची संस्था. ए म्हणजे रिफ्लेक्टर, आय इंडिकेटर, एस ब्रेक लाइट, टी टेल. ७६ वाचून "शहात्तरचा माल" म्हणणारे भेटतात. ते मानकाचं वर्ष आहे, दिवा कधी बनला त्याचं नाही. अमेरिकन हेडलाइट मात्र सोडूनच द्या, तिकडची वाहतूक उजवीकडून.

युरोपचा दिवा सगळ्यात जास्त बोलतो. गोलात ई आणि आकडा, म्हणजे मंजुरी देणारा देश: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन. एचसीआर असेल तर हॅलोजन, अप्पर-डिपर दोन्ही. नुसतं सीआर असेल तर साधा बल्ब. त्यात ६०/५५ वॅटचा हॅलोजन कोंबाल तर जुनी वायरिंग आणि पायाने दाबायचा डिपर स्विच आधी तापेल.

आता बाण. दिव्यासमोर उभं राहून पाहा: बाणाचं टोक आपल्या उजवीकडे असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपला. दोन टोकांचा बाण असेल तर दोन्ही प्रकारच्या वाहतुकीला लावता येतो. बाणच नसेल तर उजवीकडच्या वाहतुकीचा. मी असाच एक बिनबाणाचा, चकचकीत दिवा घेतला होता. यवतमाळहून दारव्ह्याला येताना समोरच्या एसटीवाल्यानं तीनदा अप्पर मारला. मी डिपरवरच होतो! प्रकाश उजवीकडे वर चढून थेट त्याच्या डोळ्यात जात होता.

माझा कौल सरळ आहे: बाणवाला युरोपियन, मग खरचटलेला का असेना. लुकास घ्यायचा तर तोही उजेड भिंतीवर पाडून, कुठल्या बाजूला चढतो ते बघून. आणि जोडी एकाच खुणांची मिळाली तर दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. एक बाणाचा, एक बिनबाणाचा असा जोड गळ्यात मारायला दुकानदार तयारच असतो.