शिळा-उद्यानासाठी दोन निळ्या जेन्शियाना: अकॉलिस की व्हर्ना?

युरोपातील उंच पर्वतांवर वाढणाऱ्या, जेन्शियाना या फुलझाडाच्या अकॉलिस आणि व्हर्ना या दोन्ही जातींना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये शास्त्रीय नावे दिली. दोहोंचा निळा रंग गडद असला, तरी बागेत त्यांचा स्वभाव फार वेगळा आहे.

अकॉलिसची सदाहरित पाने जमिनीलगत दाट गादीसारखी पसरतात आणि त्यांतून सुमारे 5 सेंटिमीटर लांबीची, आतून हिरवट ठिपके असलेली तुतारीसारखी फुले वर येतात. ती दीर्घायुषी आहे आणि गादीचे विभाजन करून सहज वाढवता येते. मात्र एखाद्या बागेत ती वर्षानुवर्षे निरोगी राहूनही फुलत नाही, आणि तिला काही पावलांवर हलवताच बहरते. या लहरीपणाचे समाधानकारक स्पष्टीकरण मला कधीच मिळाले नाही, म्हणून मी तिची रोपे एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी लावण्याचा आग्रह धरतो.

व्हर्नाचे फूल जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद, पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे असते, परंतु तिचा निळा रंग इतका तेजस्वी असतो, की दगडांमधील एकच झुबका नजर खिळवून ठेवतो. ती चुनखडीयुक्त, निचऱ्याच्या पण ओलावा टिकवणाऱ्या जमिनीत रमते. ती अल्पायुषी असल्यामुळे दर काही वर्षांनी ताज्या बियांपासून, थंडीचा काळ मिळू देऊन, नवी रोपे तयार करावी लागतात.

नवशिक्याने अकॉलिसपासून सुरुवात करावी. मला स्वतःला मात्र व्हर्नाच अधिक प्रिय आहे.