अंडी उबवून देणारे केंद्र आणि त्यांची 'तलंगीची निवड'

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका खासगी उबवणी केंद्रात मी या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घरच्या गावठी कोंबड्यांची 60 अंडी उबवायला दिली होती. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल माझी तक्रार आहे ती, म्हणजे कोणत्या अंड्यातून तलंग (तरुण मादी कोंबडी) निघेल हे आधीच ओळखण्याची पद्धत, या एकाच ठिकाणी चालते असे नाही. अंडी उबवून देणाराच कशाला, खुडूक कोंबडी बसवणाऱ्या घरोघरच्या आयाबायाही ती वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. फरक इतकाच की इथे तिचे अंड्यामागे 5 रुपये वेगळे आकारले जातात.

दर सरळ आहे. यंत्रात 21 दिवस ठेवून पिल्ले काढून देण्याचे अंड्याला 12 रुपये, आणि 'तलंगीची निवड' हवी असल्यास वर 5 रुपये. आमच्या परड्यात बारा कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. मला घरच्या अंड्यांसाठी तलंगा वाढवायच्या होत्या, त्यामुळे या दुसऱ्या सेवेचे कुतूहल वाटले आणि मी दोन्हींचे पैसे भरले.

निवड अशी झाली. चालकांनी अंडी एकेक करून तळहातावर फिरवली आणि दोन्ही टोके जवळपास सारखी गोल असलेली 36 अंडी एका ट्रेमध्ये, तर निमुळत्या टोकाची 24 दुसऱ्या ट्रेमध्ये लावली. "ही गोल हाईत ती सगळी तलंगीची बघा सर, टोकाची घरी न्या आणि पोळी करून खावा," असे त्यांनी ठामपणे सांगितले. शंका असलेल्या वीसेक अंड्यांवर त्यांनी दोऱ्याला बांधलेली अंगठी धरली. अंगठी गोल फिरली तर मादी आणि सरळ रेषेत झुलली तर नर, असा त्यांचा नियम होता. मी तोच दोरा हातात घेऊन त्यांच्या नकळत त्यांतली पाच अंडी पुन्हा तपासली, तेव्हा तीन अंड्यांचा निकाल उलटा आला. धरणाऱ्याच्या मनात जे असते त्याप्रमाणे बोटे अगदी सूक्ष्म हलतात आणि लोलक तेच दाखवतो, हे शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1833 सालीच दाखवून दिले होते.

टोकाची अंडी घरी नेण्यास मी नकार दिला. दोन्ही गटांवर पेन्सिलीने वेगळ्या खुणा करून सगळी 60 अंडी बसवण्याचा आग्रह धरला आणि अठराव्या दिवशी अंडी हॅचरमध्ये (पिल्ले बाहेर पडण्यासाठीच्या यंत्रात) जातील तेव्हा दोन्ही गट जाळीच्या वेगळ्या कप्प्यांत ठेवावेत अशी विनंती केली. चालक हसले, परंतु त्यांनी ती तंतोतंत पाळली, याची नोंद केली पाहिजे.

आता या केंद्राची जी सेवा खरोखर पैसे देण्याजोगी आहे तिच्याबद्दल. यंत्राचे तापमान 37.6 अंशांच्या आसपास स्थिर होते, अंडी ठरावीक वेळाने आपोआप कलत होती, आणि फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेमुळे पाण्याचे ट्रे दिवसातून दोनदा पाहिले जात होते. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता वाढवून 65 टक्क्यांच्या वर नेली होती. वीज गेल्यावर इन्व्हर्टर लगेच सुरू होतो हे मी तिथे उभा असताना एकदा अनुभवले. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर अंडी धरून पाहिली, तेव्हा सात वांझ निघाली आणि ती मला परत दाखवली गेली. उरलेल्या 53 पैकी 46 पिल्ले निघाली, म्हणजे फलित अंड्यांच्या हिशेबाने सुमारे 87 टक्के. घरी खुडूक कोंबडीखाली बारा-तेरा अंडी ठेवून मांजर आणि मुंगूस यांच्याशी झगडणाऱ्याला हा आकडा काय आहे ते समजेल.

एका गोष्टीवर मात्र मी त्यांच्याशी वाद घातला. यंत्र अर्धा अंश थंड ठेवले तर तलंगा जास्त निघतात, असे त्यांचे म्हणणे होते आणि निवडीच्या सेवेत तोही भाग होता. हा समज कुठून आला असावा याची मला कल्पना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ज्या ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात, त्या कासवांचे लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरते आणि गरम वाळूत माद्या अधिक निपजतात. कोंबडीचे तसे नाही. तापमान कमी केल्याने पिल्ले उशिरा आणि अशक्त निघतात, एवढाच त्याचा परिणाम. माझ्या सांगण्यावरून त्यांनी यंत्राला हात लावला नाही.

पिल्ले ताब्यात देताना आणखी एक चाचणी झाली. मानेमागची कातडी चिमटीत धरून पिल्लू उचलायचे. पाय पोटाशी घेतले तर तलंग, खाली सोडले तर कोंबडा. एकाच पिल्लाने दोन मिनिटांत दोन्ही प्रकार करून दाखवले, तेव्हा चालकांनी ते शांतपणे खोक्यात ठेवले.

दोन्ही गटांच्या पिल्लांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांची कडी घालून मी ती दहा आठवडे वाढवली. तीन दगावली. तुरे लाल होऊन पाठीवरची टोकदार पिसे दिसू लागल्यावर मोजणी केली. 'तलंगीच्या' गटातील 26 पैकी 14 कोंबडे आणि 12 तलंगा. 'कोंबड्याच्या' गटातील 17 पैकी 8 कोंबडे आणि 9 तलंगा. म्हणजे ज्या अंड्यांची पोळी करायची होती, त्यांतच तलंगांचे प्रमाण किंचित अधिक निघाले. एवढ्या लहान संख्येवरून कोणताही नियम सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. पण निवडीचे 300 रुपये वाया गेले हे सांगायला ती पुरेशी आहे.

खरे कारण मोजणीपेक्षा अधिक पक्के आहे. पक्ष्यांमध्ये पिल्लाचे लिंग आईकडून ठरते. कोंबड्याकडे झेड हे एकाच प्रकारचे दोन गुणसूत्र असतात, तर कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. बलकातील बीजात यांपैकी कोणते जाते त्यावर नर की मादी हे अवलंबून असते, आणि ही वाटणी बलक अंडाशयातून सुटण्याच्या काही तास आधीच होऊन जाते. कवच त्यानंतर, शेवटच्या सुमारे 20 तासांत चढते. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेच्या ठेवणीनुसार येतो, म्हणूनच एक कोंबडी जन्मभर साधारण एकाच घाटाची अंडी घालते. आमची पिवळी कोंबडी नेहमी लांबट, टोकदार अंडी देते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आकारावरून नर-मादी ठरत असते, तर तिच्या पोटी आजवर एकही तलंग जन्मली नसती. प्रत्यक्षात आमच्या दोन उत्तम अंडी देणाऱ्या कोंबड्या तिच्याच आहेत.

गंमत म्हणजे या ठोकताळ्यावर जाणकारांचेही कधी एकमत झाले नाही. माझी आजी टोकदार अंड्यांतून तलंग निघते म्हणायची, म्हणजे चालकांच्या अगदी उलट. ॲरिस्टॉटल आजीच्या बाजूचा होता. त्याच्यानंतर काही शतकांनी शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला आमच्या चालकांच्या बाजूचा. बॅटरीवर दिसणारी हवेची पोकळी मधोमध की कडेला यावरूनही काही जण भाकीत करतात. पण गाडीवरून हादरे खात आणलेल्या अंड्यांतही ती पोकळी सरकते. तरीही विश्वास टिकतो, कारण अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतोच. दहा पिल्लांत सात किंवा अधिक तलंगा निघण्याची शक्यता निव्वळ योगायोगानेच सुमारे सहात एक असते, आणि तसे ज्याच्या घरी घडते तो पुढच्या वर्षी चार शेजाऱ्यांना घेऊन येतो.

पिल्लू निघाल्यावर लिंग ओळखण्याच्या काही पद्धती मात्र खऱ्या आहेत. गुदद्वाराच्या आतील सूक्ष्म उंचवटा पाहून एक दिवसाचे पिल्लू ओळखण्याची पद्धत जपानमध्ये 1920 च्या दशकात विकसित झाली. ती शिकायला दीर्घ सराव लागतो. पंखाच्या पिसांवरून ओळखणे ज्या जाती त्यासाठी जुळवल्या आहेत त्यांतच जमते, आमच्या सरमिसळ गावठीत नाही. पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडीला ऱ्होड आयलंड रेड कोंबडा लावला, तर नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो. जर्मनीने नर पिल्ले मारण्यावर 1 जानेवारी 2022 पासून बंदी घातल्यानंतर तिथे अंड्यातच लिंग तपासण्याचे तंत्र वापरात आले आहे. त्यातील एका पद्धतीत नवव्या दिवशी कवचाला अतिशय बारीक छिद्र पाडून आतल्या द्रवाचा थेंब तपासतात. बाहेरून पाहून कळत असते, तर हा खटाटोप कोणी केला नसता.

कोल्हापुरात कोंबडे निघाले म्हणून फारसे नुकसान होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आषाढात टेंबलाईच्या यात्रेच्या दिवसांत गावठी कोंबड्याला मागणी असते. माझे 22 पैकी 20 कोंबडे तेव्हा दारातूनच गेले, आणि त्या पैशांत उबवणीचा व खाद्याचा बराचसा खर्च भागला. ज्यांना स्वतःची गावठी अंडी उबवायची नसून सुधारित जातीची पिल्लेच हवी आहेत, त्यांच्यासाठी पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र शहरात आहेच.

खासगी केंद्राकडे जाणाऱ्यांनी सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, फ्रीजमध्ये न ठेवलेली अंडी रुंद टोक वर करून न्यावीत आणि रात्रभर स्थिर ठेवूनच यंत्रात घालायला सांगावे. निवडीचा प्रस्ताव आला, तर तो नम्रपणे नाकारावा. मी मोजणीची वही चालकांना दाखवली, तेव्हा त्यांनी दोन्ही पाने नीट वाचली आणि आमच्या कोंबड्यांची जातच मिश्र असल्याने तसे झाले असावे, असे सांगितले. पुढच्या खेपेची 40 अंडी मी न निवडता, 12 रुपये दराने, त्यांच्याकडेच दिली आहेत. सातव्या दिवशी किती वांझ निघाली याचा निरोप अजून यायचा आहे.