एक्सपल्स २०० फोर-व्ही : अडीच वर्षे, २१,००० किलोमीटर आणि ४१ किलोंचा फरक

सप्टेंबर २०२२ मध्ये मी हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही (म्हणजे चार व्हॉल्व्हची) मोटरसायकल घेतली आणि आज, मार्च २०२५ मध्ये, तिच्या मीटरवर २१,००० किलोमीटर उलटून गेले आहेत. यांपैकी साधारण एक तृतीयांश अंतर डांबर सोडून झाले आहे. मुळशी, वेल्हे, भोर आणि जुन्नर या तालुक्यांतल्या जुन्या गाडीवाटा, धरणांच्या पाठीमागचे मुरमाचे रस्ते आणि पावसाळ्यात ज्यांना रस्ता म्हणावे की ओढा असा प्रश्न पडतो असे काही पट्टे, हे तिचे नेहमीचे क्षेत्र. आमच्या रविवारच्या मंडळींमध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आणि केटीएमची जुनी, ३७३ सीसीची ३९० ॲडव्हेंचर कायम असे. गेल्या वर्षी हिमालयनवाल्या मित्राने ती काढून नवी ४५० घेतली. या तिन्ही गाड्या मी शोरूमच्या चकरेपुरत्या नव्हे, तर चिखलात, चढावर आणि दमल्यावरही चालवल्या आहेत, म्हणून तुलना करण्याचे धाडस करतो.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण गाडीविषयीचे मत चालवणाऱ्याच्या अंगकाठीवर अवलंबून असते. वय ४६, उंची १६७ सेंटीमीटर, वजन ६४ किलो, आणि डाव्या गुडघ्याची जुनी कुरकुर. शर्यतीत मी कधी उतरलेलो नाही. ज्यांची उंची सहा फूट आहे आणि ज्यांना दगडांवरून उड्या मारायच्या आहेत, त्यांनी पुढचे सगळे थोडे वजा करून वाचावे.

आकडे आधी. एक्सपल्स १५८ किलोंची, इंजिन १९९.६ सीसीचे, शक्ती १९.१ पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १७.३५ न्यूटन-मीटर. हिमालयन ४११ चे वजन १९९ किलो, शक्ती २४ च्या आसपास, पण टॉर्क ३२ न्यूटन-मीटर. केटीएम १७७ किलोंची, ४३.५ पीएस आणि ३७ न्यूटन-मीटर. हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो, शक्ती आणि टॉर्क दोन्ही ४० च्या घरात. कागदावर पाहिले तर एक्सपल्स या पंगतीत शेवटच्या पानावर बसलेली दिसते, आणि खरेदीपूर्वी जवळजवळ प्रत्येकाने मला तसे ऐकवलेही होते.

ते मत माझ्यापुरते कुठे बदलले, ते सांगतो. वेल्ह्याकडून केळदच्या बाजूला जाताना डांबरी रस्ता सोडून एक जुनी बैलगाडीची वाट पठारावर चढते. चढ फार लांब नाही, पण मधोमध पावसाने खणलेली घळ आहे आणि दोन्ही कडांना नारळाएवढे सुटे गोटे आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये आम्ही तिघे तिथे गेलो आणि गाड्या आलटून पालटून प्रत्येकाने तोच चढ चढायचा असे ठरवले. एक्सपल्सवर मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा हँडल धरून, गुडघा सीटखाली सरकवून एकट्याने गाडी उभी केली, खाली वळवली आणि पुन्हा निघालो. हिमालयन ४११ वर मी एकदाच पडलो. परंतु ती उतारावर, चाके वरच्या अंगाला करून आडवी झाली, आणि तशा अवस्थेत ती मला तसूभरही हलेना. तिघांनी मिळून आधी तिला जमिनीवरच गोल फिरवले आणि मग उभे केले. तोपर्यंत माझे हात इतके थरथरत होते की पुढचा अर्धा तास क्लच दाबणेही कठीण झाले होते. ४१ किलोंचा फरक म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडेच कमी ओझे. डांबरावर हे ओझे जाणवत नाही. हिमालयन चालताना ते फार खुबीने लपवते, कारण तिचे वजन खाली आहे आणि सीटही ८०० मिलिमीटरवरच आहे. जाणवते ते गाडी थांबल्यावर, वळवताना आणि पडल्यावर.

शेजारच्या खाचरात लावणी चालली होती. तिथले एक आजोबा बांधावर उभे राहून आमचा हा सगळा खटाटोप बघत होते. ते म्हणाले, “ही बारकी हाय म्हून निगाली. ती मोठी आजून दोनदा पडली, तर बैलं जुपाय लागत्याल.” त्यांनी एका वाक्यात जे सांगितले, ते सांगायला मला इतके परिच्छेद लागत आहेत.

मात्र याच चढाने एक्सपल्सची उणी बाजूही दाखवली, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. हिमालयन ४११ चा पूर्ण टॉर्क ४,००० ते ४,५०० आरपीएमवरच (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांवरच) हाताशी येतो. पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ चालण्याच्या वेगाने, ती गोट्यांवरून टुकटुक करत चढते आणि बंद पडत नाही. एक्सपल्सचा टॉर्क मुळात निम्म्याच्या जवळपास, आणि तोही ६,५०० आरपीएमवर. त्यामुळे तिला चढावर इंजिन फिरते ठेवावे लागते आणि अर्धा क्लच दाबून वेग सांभाळावा लागतो. ज्याला ही सवय नाही त्याची गाडी नेमकी सर्वांत अवघड दगडाशी बंद पडते. माझी पहिल्या तीन महिन्यांत कितीदा बंद पडली याचा हिशेब मी ठेवला नाही. नंतर मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) दोन दातांनी मोठे बसवले आणि संथ चढावरचा फरक लगेच दिसला. अर्थात त्याची किंमत महामार्गावर मोजावी लागते, त्याविषयी पुढे.

केटीएमचा स्वभाव तिसराच. शक्ती भरपूर, पण ती वरच्या आरपीएमवर, आणि ओल्या मुरमावर तिचे मागचे चाक ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) बंद केल्यास क्षणात बाजूला सरकते. उघड्या पठारावर, जिथे रस्ता रुंद आणि कोरडा आहे, तिथे मी तिच्या मागे धूळ खात राहतो. पण पुढचे चाक १९ इंची असल्याने घळीत किंवा बैलगाडीच्या चाकोरीत ते एक्सपल्सच्या २१ इंची चाकाइतक्या सहजपणे कडेवर चढत नाही. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि दगडाला कमी उभ्या कोनात भेटते. यात जादू काही नाही, साधी भूमिती आहे. हिमालयनच्या दोन्ही पिढ्यांना पुढे २१ इंची चाक आहे आणि तिथे त्या एक्सपल्सच्या बरोबरीच्या आहेत.

एक्सपल्सच्या सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वरखाली होण्याची मुभा, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर. माझ्या वजनाला आणि वेगाला तो पुरतो. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी कंपनीने २०२३ मध्ये प्रो आवृत्ती आणली, जिच्यात तो २५० आणि २२० मिलिमीटर आहे. परंतु तिची सीट ८९१ मिलिमीटर उंच असल्यामुळे माझ्यासारख्याने सिग्नलला कोणत्या बाजूने पडायचे एवढेच ठरवायचे उरते. माझ्या गाडीची ८२५ मिलिमीटरची सीटदेखील आकड्यात उंचच आहे, पण ती पुढे अरुंद असल्याने एक पाय पूर्ण टेकतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे. ही काटकसर असेल, पण सुट्या खडीच्या उतारावर मागचे चाक मुद्दाम लॉक करून गाडी वळवता येते आणि त्यासाठी कोणतेही बटण शोधावे लागत नाही, त्यामुळे मी याबद्दल तक्रार करणार नाही.

टायर आणि ट्यूब हा विषय मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे. मूळचे टायर कोरड्या वाटेवर ठीक होते, परंतु मुळशीच्या लाल चिखलात त्यांच्या खाचा दहा मीटरमध्ये भरून जात आणि मग पुढचे चाक साबणावर चालल्यासारखे वागे. ६,००० किलोमीटरनंतर मी मोठ्या गुट्ट्यांचे टायर घातले. चिखलात समाधान झाले, पण पुण्याच्या ओल्या काँक्रीटवर तेच टायर बिचकवतात. पहिल्याच आठवड्यात ते कळले.

हवेच्या बाबतीत मी स्वतःच्या चुकीने शिकलो. वाटेवर पकड वाढावी म्हणून मागच्या चाकातील हवा १५ पीएसआयपर्यंत कमी केली होती. पानशेतच्या मागे एका फरशी पुलाच्या तुटलेल्या कडेवर चाक आदळले आणि पन्नास पावलांत मागचे बूड डुलू लागले. ट्यूब बाहेर काढली तेव्हा तिच्यावर बोटभर अंतराने दोन समांतर चिरा होत्या. रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून ट्यूब दोन ठिकाणी कापली गेली होती. टायर उचकटायचे दोन लिव्हर, एक हातपंप आणि भर दुपारचे ऊन, असा सव्वा तासाचा कार्यक्रम झाला. लिव्हर फार खोल घातल्याने नवी ट्यूबही मीच टोचणार होतो. सोबतच्या मित्राने वेळीच हात धरला. तेव्हापासून मी मागे २० च्या खाली जात नाही, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच ती टायरमध्ये सरकवतो आणि शेवटची कड बसवताना लिव्हरऐवजी गुडघ्याचा भार वापरतो. केटीएमवाल्याचे टायर ट्यूबलेस आहेत. खिळा घुसला तर तो पाच मिनिटांत दोरी कोंबून मोकळा होतो, आणि अशा वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे हसू असते ते मला मुळीच आवडत नाही. त्याच्या अलॉय रिमवर मोठा दगड बसला तर मात्र तिथल्या तिथे काही करता येत नाही, तर माझ्या गाडीची आरीची चाके गावातला सायकलवालाही थोडीफार सरळ करून देतो.

रस्त्यावरच्या वागण्याबद्दल थोडक्यात. ८० ते ८५ च्या वेगाला एक्सपल्स सुखात असते. त्यापुढे हँडल आणि फूटपेगमध्ये कंप येतो, आणि मोठे स्प्रॉकेट घातल्यापासून तो ताशी पाच किलोमीटर आधीच येतो. बंगळुरू महामार्गावर कोल्हापूरपर्यंत जाऊन आलो, पण खंबाटकी घाटात ट्रक ओलांडताना पाचही गिअर अपुरे वाटले. ज्याला दर आठवड्याला दोनशे किलोमीटर महामार्ग कापून मग वाटेला लागायचे आहे, त्याने हिमालयन ४५० घ्यावी, हे मी निःसंकोच सांगतो. मित्राच्या ४५० वर मी पुणे ते महाबळेश्वर गेलो; सहा गिअर, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि १७ लिटरची टाकी यांमुळे तो प्रवास वेगळ्याच प्रतीचा झाला. पण त्याच आठवड्यात तो मित्र केळदच्या त्या चढाखाली थांबला, वर पाहिले आणि म्हणाला, “तू जा वर, मी इथे चहा सांगतो.” ४११ वर तो तिथे येत असे. गाडी वाईट नाही. महाग आणि जड वस्तू पाडायला माणूस कचरतो, एवढेच.

इंधनाचा हिशेब असा, की डांबरावर लिटरमागे ३८ ते ४० आणि वाटेवर तीसच्या आसपास किलोमीटर मिळतात. टाकी १३ लिटरची असल्याने वेल्ह्यापलीकडे पेट्रोलची चिंता करावी लागलेली नाही. इंजिनाला तेलाचा कूलर आहे, रेडिएटर नाही. म्हणजे चिखलाने बुजणारी जाळी नाही आणि दगडाने फुटण्यासारखे काही समोर नाही. सायलेन्सर वर उचललेला असल्याने गुडघाभर पाण्यातून जाताना जीव वरखाली होत नाही. दोन पावसाळ्यांत चेन-स्प्रॉकेटचा एक संच आणि क्लच प्लेट बदलल्या. क्लचचा दोष माझ्या डाव्या हाताचा आहे. मनस्ताप झाला तो एका गॅरेजमध्ये. तिथे ऑइलचा ड्रेन बोल्ट इतका आवळला, की पुढच्या वेळी तो आटे घेऊनच बाहेर आला. तेव्हापासून ऑइल मी घरीच बदलतो, आणि त्यासाठी टॉर्क रेंच घेतला, जो गाडीसोबतच घ्यायला हवा होता.

एक गोष्ट विषयाला धरूनच आहे. गाडी हलकी आणि चपळ असली की ती कुठेही नेण्याचा मोह होतो. आम्ही गावाच्या वहिवाटीच्या गाडीवाटांपलीकडे जात नाही. वनखात्याच्या हद्दीत, किल्ल्यांच्या वाटांवर आणि कारवीच्या उतारावर चाक घालत नाही, आणि लावणी झालेल्या खाचराजवळ इंजिन बंद करून गाडी ढकलत नेतो. १५८ किलोंची गाडी ढकलता येते.

आता बाजारात दोन नवे पर्याय आहेत आणि मला त्यांच्याबद्दल सतत विचारले जाते. कावासाकीची केएलएक्स २३० ओळखीच्या एकाने आणली होती. १३९ किलोंची ही गाडी मी वीस मिनिटे चालवली आणि त्या वीस मिनिटांत माझ्या गाडीविषयीचा अभिमान बराच उतरला. चढावर ती सायकलसारखी वळते. परंतु ८८० मिलिमीटरची सीट, ७.६ लिटरची टाकी आणि मार्च २०२५ मधली ३ लाख ३० हजारांची शोरूम किंमत या तिन्ही गोष्टी माझ्या उंचीला, अंतराला आणि खिशाला परवडणाऱ्या नाहीत. माझी गाडी ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची किंमत १ लाख २८ हजार होती, हे लक्षात घेतले तर या दोघींची तुलना अन्यायाची ठरते. दुसरा पर्याय हीरोचीच एक्सपल्स २१०. पाण्याने थंड होणारे इंजिन, २४.६ पीएस, सहा गिअर, सस्पेन्शनचा प्रवास पुढे २१० आणि मागे २०५ मिलिमीटर. महामार्गाविषयी वर जे रडगाणे गायले ते यात बहुतेक मिटेल. वजन मात्र दहा किलोंनी वाढून १६८ झाले आहे. ती चालवून पाहायला मिळाली की मी प्रथम तिला मऊ गवतावर आडवी करून एकट्याने उचलून पाहीन. शोरूमवाले त्याला तयार होतील का, हा प्रश्न उरतोच.

तोपर्यंत जूनच्या आत मागचा टायर बदलायचा आहे आणि फोर्कमधले ऑइलही. केटीएमवाला मित्र परवा म्हणत होता, की गाडी विकून एखादी जुनी, टू-व्हॉल्व्ह एक्सपल्स घ्यावी, रविवारपुरती. मी त्याला माझे दोन्ही लिव्हर आणि हातपंप दाखवले. त्याने विचार करायला आठवडा मागून घेतला आहे.